पुठ्ठ्याचं गलबत

"बाहेरची नाहीस ना गो तू?"

काकाने हे गेल्या वर्षी कळव्याच्या खाडीवर विचारलं. अख्ख्या धक्क्यासमोर. मी बाबांच्या होडीतून नुकतीच उतरलेले, टोपलीत चिंबोऱ्या, हाताला वल्ह्याचे फोड. माझ्या उत्तराची वाट कोण बघतंय! त्याने बाटली उघडली. मी बसलेले त्या फळीवर गोमूत्र शिंपडलं. नारळ फोडला. मग मला म्हणाला, "आता धू. आपल्या हाताने."

मी धुतली. शी! आठवलं की अजून माझीच मला किळस येते. पोरं हसत होती. बाबा मान खाली घालून बसलेले. त्यांचा उजवा हात लकव्याने गेलाय, म्हणून तर मी होडी काढली. नाहीतर खायचं काय? काकाचं एकच टुमणं, होडी माझ्या पोराला द्या. बाईचा पाय लागला की जाळं रिकामं येतं म्हणे.

आणि त्याच्या आठवडाभर आधी याच माणसाने मला गलबतावर चढवलेलं. पुठ्ठ्याच्या! शिवजयंतीची मिरवणूक, ट्रकवर थर्मोकोलच्या लाटा. मंडळाने कथाही रचलेली. नवरा लढाईत पडतो, त्याची कोळीण सुकाणू हातात घेते आणि शत्रूला बुडवते. ती कोळीण मी. नऊवारी, कमरेला तलवार. काका मंडळाचा अध्यक्ष. त्याने माझ्या पायांवर फुलं वाहिली. "आपल्या आयाबाया दर्यावर लढल्यात!" माइकवर ओरडून ओरडून त्याचा घसा बसला.

त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, बाहेरची आहेस का. होते मी. ओटीपोटात कळा येत होत्या, आणि लोक पाया पडत होते.

थू असल्या भक्तीवर.

परवा काका घरी आला. यंदा मिरवणूक माजिवड्यापर्यंत जाणार, तूच उभी राहा म्हणाला. चहा पिता पिता बाबांना म्हणाला, "होडीचं काय ते ठरवून टाक आता."

बाबांनी डाव्या हाताने त्याच्यापुढे बिस्किटं सरकवली. मला त्याचाही राग आला.

मी म्हटलं, "काका, ट्रकवर मी चढणार नाही. दुसरी शोधा."

"घराण्याचं नाक कापशील गो!"

"कापलं तर कापलं."

तो चहा अर्धा टाकून गेला. आई म्हणाली, एवढं तोडून बोलायचं नाही. बोलणार. याहून जास्त बोलणार.

होडी त्याच्या पोराला मिळणार नाही. उद्याच्या भरतीला मीच काढणार. पाळी आजच आलीय. धक्क्यावर कुणी विचारायच्या आत मीच ओरडून सांगणार, आणि वल्हं मारणार.