टूथसम

सासूबाईंनी सुरतेजवळ कोसाडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत जेवण देणं सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे गिरणीत काम करणारी, बायको-मुलं गावी ठेवून आलेली खान्देशी माणसं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी. माणसं वाढली तशी बोर्ड लावायची गोष्ट निघाली, आणि घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच असल्यामुळे मजकूर माझ्याकडे आला.

नंदुरबारला कॉलेजात असताना मला जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड लागलं होतं. त्यात एखादा प्रवासी चिखलातून, थंडीतून खाणावळीत पोचायचा आणि मालकीण त्याच्यापुढे 'टूथसम' मीट-पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेली जाड कचोरी, आणून ठेवायची. टूथसम म्हणजे चविष्ट. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आता हे विशेषण कोणी वापरत नाही. आपण चहाला सुमधुर म्हणालो तर कसं वाटेल, तसं ते वाटतं." पण मला शब्द आवडला होता. नुसता म्हटला तरी तोंडाला पाणी सुटायचं.

मी लिहून दिलं, 'टूथसम खान्देशी जेवण'. टूथसम इंग्रजी अक्षरांत, बाकीचं गुजरातीत.

सासूबाईंनी विचारलं, "हाऊ शब्द काय शे?"

"चवदार म्हणजे, आई."

"मंग चवदार लिख ना सरळ."

मी ऐकलं नाही.

फ्लेक्स छापणाऱ्यानं शब्दातला 'टूथ' तेवढा ओळखला आणि आपल्या मनानं शोभेसाठी एक हसरं तोंड टाकलं, बत्तीस पांढऱ्याशुभ्र दातांचं. नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून रात्रपाळी करून आला आणि झोपाळलेल्या डोळ्यांनीच फ्लेक्स दारावर बांधून मोकळा झाला. मी पाहिलं तेव्हा मला जरा खटकलं, पण म्हटलं, जेवून खूश झालेलं माणूस आहे, चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गालाला रुमाल बांधलेले एक गुजराती काका आत आले. सत्तरीचे असतील. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"डॉक्टर बेन क्यारे आवशे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई कधी येणार, हे ते मला का विचारतात, कळेना. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं, मग दाराबाहेरच्या फ्लेक्सकडे. "दाढ दुखे छे."

मी कानापर्यंत लाल झाले. हा दवाखाना नाही, खाणावळ आहे, शब्दाचा अर्थ वेगळा आहे, असं मी माझ्या मोडक्या गुजरातीत सांगू लागले. काका हताशपणे उठले. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"पहिले त्यास्ले बठाड," त्या मला म्हणाल्या. "त्यास्ले भूक लागेल शे."

खरंच होतं. दाढेमुळे आदल्या दिवसापासून काकांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सासूबाईंनी मऊ खिचडी केली, कोमट होऊ दिली, आणि बिनतिखटाचं भरीत त्यात कालवून पुढे ठेवलं. काका एका बाजूनं, सावकाश, ताट पुसून जेवले. मग नवऱ्याला झोपेतून उठवून मी त्यांना स्कूटरवर अमरोलीच्या खऱ्या दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

आठवड्यानं दुपारच्या गर्दीत एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, केस आखूड, गाडीची किल्ली बोटात फिरवत. फ्लेक्सकडे बघून त्या हसत होत्या.

"काकांची दाढ मी काढली," त्या हिंदीत म्हणाल्या. "ते सांगत होते, दातवाल्या हॉटेलात त्यांना खिचडी मिळाली. शब्द त्यांना आठवत नव्हता. मी तो वाचायला आले. टूथसम कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"शाळेनंतर हा शब्द पहिल्यांदा पाहिला मी. मीट-पाय असायचे ना त्या गोष्टींत?"

"आणि भाजलेलं बदक."

"आणि बाहेर बर्फ," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. सुरतेत लग्न होऊन आल्यापासून त्या पुस्तकांबद्दल मी कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी मी वाढायचं विसरले. दोन टेबलं भाकरीसाठी ओरडत होती आणि सासूबाई मला आतून हाका मारत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं. जाताना म्हणाल्या, "शब्द राहू द्या. दात मात्र काढा, नाहीतर माझे पेशंट तुमच्याकडे येतील." नवऱ्यानं दातांवर वांग्याचा मोठा फोटो चिकटवला.

आता दवाखान्याला सुट्टी असली की त्या दुपारी येतात. त्यांच्याकडे आजोबांची पुस्तकांची पेटी आहे. एक पुस्तक आणतात, आधीचं घेऊन जातात. काका आपल्या पत्नीला घेऊन कधीमधी जेवायला येतात आणि आमच्या गप्पा ऐकत बडीशेप चघळत बसतात.

सासूबाई वांगी भाजता भाजता विचारतात, आज कुठली गोष्ट. मी अहिराणीत सांगते: एक गरीब मुलगी, मोठ्या घरचा गर्विष्ठ मुलगा, त्याच्या मागणीला तिनं दिलेला नकार. मागच्या वेळी नकारापर्यंत आले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. मी परत येईपर्यंत त्या हातातलं वांगं तसंच धरून वाट पाहत होत्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "तिनी माय काय म्हननी तिले?"