परबांची शुभा बिल्डिंगीत गॅस आणते

आधी हातातला चहा संपवा. पुढे या गोष्टीत शेण येणार आहे, मग म्हणाल आधी का नाही सांगितलंस!

हसू नका. तोंडावर सगळेच पडतात. पण चाळीस बिऱ्हाडं, आपले सर आणि आपले वडील यांच्यासमोर, रविवारच्या सकाळी, नारळ फोडून तोंडावर पडायला अंगात काहीतरी लागतं. माझ्यात ते आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटकोपरला चार मजली बिल्डिंगीत राहायचो. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. मग ते भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर झाले. मी मेकॅनिकल इंजिनियर झाले तेव्हा त्यांनी चारही मजल्यांवर पेढे वाटले. मुलुंडच्या एका कंपनीत माझी नोकरी जवळजवळ ठरली होती. आणि मी काय केलं? म्हटलं, नोकरी नंतर. मला एम.टेक. करायचंय. अपारंपरिक ऊर्जा!

घरात वाट लागली. गावाहून काका आले, मामा आले.

"पोरगी एवढी शिकली तर तिच्या बरोबरीचा नवरा कुठून आणायचा?" काका म्हणाले.

"कमी शिकलेला आणा. मी शिकवते त्याला," मी म्हटलं.

आईने कपाळावर हात मारला. बाबा मात्र शांतपणे सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "दोन वर्षं. दोन वर्षांत काय ते करून दाखव. मी कोणाचं ऐकणार नाही, पण तूही मग रडत येऊ नकोस."

मी? रडत? अहो, वर्गात मी एकटी मुलगी होते. वर्कशॉपमधला फोरमन मला रोज विचारायचा, "मॅडम, चुकून आलात का?" मी रोज सांगायचे, "नाही. तुम्ही?" अशी मी. मान ताठ आणि कान बंद! ती मान पुढे वाकलीच, पण कान बंद असल्याचं मला फार उशिरा कळलं.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, शेण आणि घरातला ओला कचरा कुजवून त्यातून गॅस करायचा आणि तो शहरातल्या सोसायटीत स्वयंपाकाला वापरायचा. त्यासाठी एक सर्व्हे करायचा आणि एक चालू प्लांट उभारून दाखवायचा. मी म्हटलं, दुसरीकडे कशाला जायचं? आपलीच बिल्डिंग! जे मला हसतात, त्यांच्याच नाकासमोर पेटवून दाखवते!

माझे गाईड दाते सर अनुभवी. त्यांनी बजावलं, "मिस परब, लोकांना आधी फायदा सांगा. शेण शेवटी."

मी फायदा सांगितला. शेण सांगायचं राहूनच गेलं.

झालं असं, की एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या राणेकाकू भेटल्या. मूळच्या मालवणच्या, तोंडाने एकदम सडेतोड.

"काय गो शुभा, सगळी पोरां नोकरेक लागली. तू अजून शाळेत जातंस. करतंस तरी काय ता?"

डोक्यात सणकच गेली माझ्या. जिन्याच्या मधोमध उभी राहिले आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गॅस आणणार आहे मी, काकू! या बिल्डिंगीत! घरोघर!"

"गॅस? खरा सांगतंस?"

"खरं म्हणजे? ते नंबर लावून वर्षानुवर्षं बसणं आता बंद! थांबायचं नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही!"

आता तुम्हाला ते दिवस आठवतात का? गॅसचं कनेक्शन म्हणजे नवस! नंबर लावायचा आणि पोस्टमनकडे डोळे लावून बसायचं. तोवर रॉकेलचा स्टोव्ह, त्याची पिन, त्याचा धूर आणि रेशनच्या दुकानाची रांग. अशा बाईला मी जिन्यात सांगते, गॅस येतोय, नंबर नको. तिला काय ऐकू जाणार? सिलिंडर! आणि मला काय वाटणार? बघा, लोकांना विज्ञानाची केवढी भूक आहे!

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हेचे फॉर्म वाटले. नाव, घरात माणसं किती, सध्या कशावर रांधता, स्वयंपाकघर केवढं, सही. बघितलंत? हुबेहूब गॅस एजन्सीचा अर्ज! संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर आमच्या दारात रांग. प्रत्येकाच्या हातात भरलेला फॉर्म, सोबत रेशनकार्डाची नक्कल, तीसुद्धा अटेस्टेड. काहींनी कोपऱ्यात फोटो डकवलेला.

मी सरांना सांगितलं, "सर, प्रतिसाद शंभर टक्के! एकही घर सुटलं नाही. लोकांनी फोटो जोडलेत."

"फोटो?" सर चष्मा वर करून म्हणाले. "फोटो कशाला?"

"उत्साह, सर!"

उत्साह म्हणे! राणेकाकूंची बहीण चेंबूरहून फॉर्म मागायला आली, तेव्हासुद्धा मला शंका आली नाही. मी मनात म्हटलं, चला, चेंबूरपर्यंत पोचलो!

सोसायटीचे सेक्रेटरी शिर्केकाका. मागच्या मोकळ्या जागेसाठीचा माझा अर्ज त्यांनी दोन महिने दाबून ठेवला होता. ते स्वतः घरी आले.

"शुभा बेटा, जागा किती पाहिजे? सगळी घे. वॉचमनची खोली पण रिकामी करून देतो."

"नको काका, दोन ड्रम मावले की बस."

"ड्रम? हां हां, आग-बिग लागली तर पाणी पाहिजेच. हुशार आहेस!"

आणि त्यांनी तिथे पाटी लावली, 'गॅससाठी राखीव. येथे क्रिकेट खेळू नये.'

बाबांचा तर रुबाबच बदलला. खाली उतरले की लोक खुर्ची देत. गिरणी गेल्यापासून जो माणूस मान खाली घालून जिना चढायचा, त्याला आता 'परबसाहेब, बसा ना' म्हणायचे. बाबा रोज शर्टाला इस्त्री करायला लागले होते. ते बघून मला आणखी चेव आला. म्हटलं, बघा! बघा माझ्या बापाला!

राणेकाकूंनी नवीकोरी दोन बर्नरची शेगडी आणली आणि आपला स्टोव्ह बहिणीला देऊन टाकला. मी ती शेगडी पाहिली आणि माझे डोळे पाणावले हो. काय हा विश्वास!

रविवार उजाडला. प्लांट भरायचा दिवस. मी जोगेश्वरीच्या तबेल्यातून टेम्पो सांगितला होता. दाते सर आले, त्यांना हार घातला. बायका साड्या नेसून ओळीत उभ्या, हातात आरतीचं ताट. सर दोन शब्द बोलले, "आपण सर्वांनी ज्या विश्वासाने हा गॅस स्वीकारला..." टाळ्या! एवढ्या टाळ्या सरांना अख्ख्या नोकरीत मिळाल्या नसतील.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.

"टेम्पो आला! टेम्पो आला!"

शिर्केकाकांनी टेम्पोच्या बंपरवर नारळ फोडला. एकीने चाकांना हळदीकुंकू लावलं. मग काकांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री ओढली.

शांतता. एवढी शांतता आमच्या बिल्डिंगीत कधी ऐकली नव्हती मी. फक्त माश्या बोलत होत्या.

"हे काय?" शिर्केकाका.

"शेण," मी अभिमानाने म्हटलं. "ताजं आहे."

"ते दिसतंय! सिलिंडर कुठायत?"

"सिलिंडर कशाला? गॅस यातूनच येणार!"

आणि मग जे सुटलं ते सुटलं! फसवलं, चेष्टा लावलीय, आमच्या रेशनकार्डांच्या नकला परत द्या! राणेकाकू तर पदर खोचून पुढे आल्या.

"मेले, माझो स्टोव्ह मी भैणीक दिलंय गो! आता भात खंय रांधू? तुझ्या टकलेर?"

दाते सर गर्दीतून माझ्यापर्यंत आले. गळ्यात हार तसाच. हळूच म्हणाले, "मिस परब, शेण शेवटी म्हणजे इतक्या शेवटी नव्हे."

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? माफी मागितली असती. मी टेम्पोवर चढले! शेणाच्या कडेला उभी राहून म्हटलं, "ओरडा! खुशाल ओरडा! नंबर लावून तुमचे केस पांढरे झाले ते चालतं, आणि मी तुमच्याच कचऱ्यातून गॅस काढते म्हटल्यावर नाकाला पदर? इथेच पेटवणार मी! नाही पेटला तर नावाची परब नाही!"

आणि पाय सरकला. गुडघ्यापर्यंत आत!

बिल्डिंग हसली ती अशी हसली, की शेजारच्या बिल्डिंगीतले लोक गॅलरीत आले. "टेम्पो परत न्या," शिर्केकाका ओरडत होते. मी पाय काढायला बघतेय, चप्पल आतच. आणि इतका वेळ मला बाबांकडे बघायचं धाडस झालं नव्हतं. ते खुर्चीवरून उठले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. टेम्पोवाल्याचं घमेलं घेतलं आणि म्हणाले, "शुभे, भाषण झालं असेल तर भर. टेम्पोवाला काय दिवसभर थांबायचा नाही."

त्यांनी पहिलं घमेलं ड्रममध्ये ओतलं. मग दुसरं. कोणी पुढे आलं नाही, पण टेम्पो परत न्या असंही मग कोणी म्हणालं नाही.

गॅस काय लगेच पेटतो? सुरुवातीला जो येतो तो जळतच नाही. मी रोज काडी लावायचे, रोज विझायची. गॅलरीतून विचारणा, "काय शुभा, लागला का नंबर?" मी वर बघून म्हणायचे, "लागेल! तुमच्या आधी लागेल!" आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भस्सकन निळी ज्योत आली! मी अशी किंचाळले की शिर्केकाका पाण्याची बादली घेऊन धावले.

त्या ज्योतीवर पहिला चहा बाबांनी केला. मागोमाग राणेकाकू आपली नवी शेगडी काखेत मारून खाली आल्या आणि म्हणाल्या, "वास येता काय बघूया." वास आला नाही. पुढे वर्षभर त्यांचा भात त्याच गॅसवर शिजला.

एम.टेक. मिळालं मला. दोन वर्षांतच. पण त्याआधी सरांनी सर्व्हे परत करायला लावला, या वेळी फॉर्मच्या पहिल्याच ओळीत 'शेण' असं मोठ्या अक्षरात लिहून. चाळीस घरांतून 'हो' आले दोन. एक राणेकाकूंचा. दुसरा आमच्या घरचा, आणि तोही बाबांनी आईच्या हातातून फॉर्म ओढून भरला म्हणून.

मग जुने फॉर्म रद्द करायला काढले. तेव्हा ते मी पहिल्यांदा नीट वाचले. हो, पहिल्यांदा! शंभर टक्के, शंभर टक्के करत फिरले, पण वाचायला वेळ कुणाला होता? गठ्ठ्याच्या अगदी वरचा, पहिल्या नंबरचा फॉर्म होता आमच्या आईचा. कुंकू लावलेला फोटो, रेशनकार्डाची अटेस्टेड नक्कल. आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'अर्जदार ही कु. शुभदा परब हिची सख्खी आई आहे. तरी सिलिंडर सर्वप्रथम मिळावा, ही नम्र विनंती.'

आणि त्याच्याच शेजारी, लाल शाईत, माझी सही. 'तपासले. योग्य.'