बाहेरून थंड असलेली गाठ

"सर, या दोन गाठी ट्रकमध्ये नका चढवू."

रेणुका माझ्यासमोर उभी होती. हातात तिचं ते लांब सुईसारखं यंत्र. मागे ट्रक अर्धा भरलेला, ड्रायव्हर घाई करत होता. माल दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला जायचा होता.

"काहून?" मी विचारलं.

"आत जळून राहिलं, असं वाटते."

मी गाठीवर हात ठेवला. थंडगार. नाक लावून पाहिलं. रुईचा नेहमीचा कोरडा वास, बाकी काही नाही.

मी सौसरजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत प्लांट इंजिनिअर आहे. आमचं काम सांगायला सोपं आहे. शेतकऱ्याचा कापूस येतो. जिनिंगच्या मशीन त्यातून सरकी वेगळी काढतात. उरते ती रुई. ती प्रेसमध्ये दाबून दाबून तिची गाठ बांधतात. गाठ एवढी घट्ट असते की बोट आत जात नाही.

या धंद्यात एकच खरी भीती, आग. कापसाबरोबर एखादा खडा मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते. दिसली तर आम्ही लगेच मशीन बंद करतो, पाणी मारतो, जळालेली रुई बाहेर काढतो. त्या दिवशी सकाळी असंच झालं होतं. विझवलं आणि पुन्हा काम सुरू केलं. पण एखादा निखारा रुईसोबत पुढे सरकला आणि गाठीत बांधला गेला, तर तो विझत नाही. भडकतही नाही, कारण आत पुरेशी हवा नसते. नुसता धुमसत राहतो. पुढे कुठेतरी गाठ सैल झाली, हवा लागली, की पेटतो. रस्त्यावर पेटला तर पूर्ण ट्रक जातो, आणि केबिनमध्ये माणसं असतात.

रेणुका आणि अंकुश ही दोघं नागपूरला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला. रेणुका जामसांवलीकडच्या शेतकरी घरातली, अंकुश पांढुर्ण्याचा, वडील शिक्षक. गाठीतली आग आधीच कशी ओळखायची, या विषयावर दोघांचं काम, त्यासाठीच ती आमच्या फॅक्टरीत येत. पण रस्ते वेगळे. अंकुशला कॅमेऱ्याची आवड. त्याचा थर्मल कॅमेरा उष्णतेचा फोटो काढतो. गरम ते पिवळं, थंड ते निळं. कॉलेजातल्या त्यांच्या सरांनाही तोच विषय पसंत होता. "दोघं मिळून कॅमेऱ्यावरच करा," असं त्यांनी रेणुकाला दोनदा सांगून पाहिलं होतं.

ती ऐकायला तयार नव्हती. तिचा इंटरेस्ट वासात. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं, तर म्हणाली, "कोविडमध्ये माझा वास गेला सर. पूर्ण वापस आलाच नाही. घरी दूध जळलं तरी मले समजत नाही. म्हटलं, मशीनले तरी येते का पाहावं."

तिची सुई पोकळ होती. गाठीत खोल खुपसायची, छोटा पंप आतली हवा ओढतो, सेन्सर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड आहे का ते पाहतो. काहीही धुमसलं की हा वायू तयार होतो, आणि या दोन गाठींत तो सापडला होता. याला वास नसतो. म्हणजे तिथे माझं नाक आणि तिचं नाक सारखंच.

लोडिंग थांबल्याचं पाहून फॅक्टरीचे मालक शेठजी ऑफिसातून बाहेर आले.

"इंजिनिअर साहेब, काय झालं?"

मी सांगितलं. शेठजींनी अंकुशकडे पाहिलं. "तुझ्या फोटोत काय दिसते?"

अंकुशने दोन्ही गाठी चारी बाजूंनी पाहिल्या. स्क्रीन निळीच.

"काही नाही जी."

"झालं तर मग! भरा गाडी."

अंकुशने तिथेच गप्प राहायला हरकत नव्हती. त्याचं यंत्र, त्याचा प्रोजेक्ट, त्याच्या सरांचा आवडता विषय. पण तो म्हणाला, "शेठजी, मले वरचंच दिसते. फोटोत नाही म्हणजे आत नाही, असं मी नाही म्हणू शकत."

"मग कॅमेरा कायले घेऊन फिरतो?"

अंकुश लाल झाला. रेणुका मध्ये बोलली, "शेठजी, थंडीत आपण रजई काहून घेतो? रुईतून गरमी बाहेर येत नाही म्हणून न? ही तर दाबलेली रजई आहे."

शेठजी माझ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणता?"

हा प्रश्न कोणालाच आवडत नाही. एका बाजूला माझा हात, माझं नाक आणि कॅमेरा. दुसऱ्या बाजूला एका मुलीची सुई, जिच्यावर अजून थीसिसही लिहून झाला नव्हता. पण सकाळची ठिणगी मी स्वतः पाहिली होती.

"दोन गाठी मोकळ्या मैदानात न्या," मी म्हणालो. "बाकी भरा. जेवण झालं की उघडू."

"आणि नाही निघालं काही?"

"तर पुन्हा दाबू. प्रेस आपलीच आहे."

शेठजींनी घड्याळ पाहिलं आणि ते आत गेले.

जेवणानंतर पाण्याचे पाइप तयार ठेवून पहिल्या गाठीच्या पट्ट्या कापल्या. रुईचे थर एकेक करून काढले. अर्ध्यापर्यंत पांढरी. शेवटपर्यंत पांढरी. प्रेसवरचे दोघं हसले. शेठजी पुन्हा बाहेर आले होते. त्यांनी हसणंही टाळलं, ते जास्त लागलं.

"दुसरी राहू द्यायची का?" कोणीतरी विचारलं.

रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "उघडा न सर."

दुसरी उघडली. काही थर निघाले आणि अंकुश ओरडला, "थांबा! डाव्या कोपऱ्यात!" त्याच्या स्क्रीनवर पिवळा ठिपका उमटला होता. डोळ्याला अजूनही सगळं पांढरंच दिसत होतं. लोक मागे सरकले, मग लांब आकड्याने त्याच जागचा थर ओढला. खाली तपकिरी रुई. त्याखाली काळी. धुराची बारीक रेघ वर आली आणि हवा लागताच भप्पकन जाळ उठला.

पाणी तयार होतं. विझायला वेळ लागला नाही. आत नारळाएवढा काळा खड्डा पडला होता.

शेठजी त्या खड्ड्याकडे पाहत उभे राहिले. मग ड्रायव्हरकडे वळले. "भाऊ, सगळ्या गाठी खाली उतरू दे. चहा पी, जेवण कर, पण आता घाई नको करू." आणि रेणुकाला म्हणाले, "बेटा, एक एक गाठ तपास. मी बसतो इथंच." ते खरंच खुर्ची मागवून बसले. बाकीच्या गाठी चांगल्या निघाल्या. ट्रक संध्याकाळी गेला.

सगळे खूश होते. शेठजींनी जिलेबी मागवली. रेणुका मात्र पहिल्या गाठीच्या पसरलेल्या रुईशेजारी उकिडवी बसलेली.

"अगं, तुझी मशीन पास झाली! आता काय शोधून राहिली?"

"पास कुठं सर? ही गाठ चांगली होती न. हिच्यात वायू आला कुठून?"

ज्या गाठीची शंका खरी निघाली तिचं तिला काही नव्हतं. खोटी निघाली तिच्यातच जीव अडकला होता. पुढचे काही दिवस ती शेडमध्ये, ही गाठ तपासली होती त्याच जागी, दुसऱ्या गाठींत सुई खुपसत राहिली. शेवटी तिला कारण सापडलं. त्या जागेजवळच्या गेटवर कापसाचे ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून उभे राहायचे. त्यांच्या धुरातही तोच वायू. सुईच्या बाजूच्या फटीतून तो आत ओढला जात होता. तिने आणखी एक सेन्सर बाहेरच्या हवेसाठी लावला. आता यंत्र दोन्हीची तुलना करतं आणि ट्रॅक्टरला आग समजत नाही.

अंकुशनेही त्याच्या थीसिसमध्ये एक प्रकरण वाढवलं, थर्मल कॅमेरा कुठे चालत नाही यावर. कॉलेजातल्या सरांनी आधी नाक मुरडलं. दोघांच्या तोंडी परीक्षेला मला बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले, आणि अंकुश इतका मोकळा बोलला की घंटा वाजली तरी थांबेना. दोघं चांगल्या रीतीने पास झाले. रेणुका आता पीएच.डी. करते, वासावरच. अंकुश पुण्याला नोकरीला लागला.

आमच्याकडे ठिणगी उडाली की त्यानंतरच्या गाठी सुईने तपासल्याशिवाय हलत नाहीत. शंका आली की गाठ मैदानात, आणि उघडताना कॅमेरा.

मशीन विकायला लोक येतात. काय काय दिसतं, किती दिसतं, हे रंगीत पानांवर दाखवतात. मी पूर्ण ऐकून घेतो आणि एकच विचारतो, "हिला काय दिसत नाही ते सांगा." जो पटकन सांगेल त्याच्याकडून घ्यायचं, असं ठरवलं आहे. अजून फारशी खरेदी झालेली नाही.