शैलाचं आणि माझं मत

शैला गेल्याचं मला भेंडी निवडताना कळलं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात नेहमीप्रमाणे टोकं मोडून बघत होते, तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. त्याच्याखाली एकामागोमाग हात जोडल्याची चित्रं यायला लागली. तिचं घर माझ्या घरापासून चौथं. ॲम्ब्युलन्स आदल्या दिवशी दुपारी येऊन गेली होती म्हणे, आणि तेव्हा मी घरातच टीव्ही लावून बसले होते. एके काळी तिच्या गराजचं दार भरदुपारी उघडं दिसलं तरी मी फोन करून विचारायचे... भेंडीची पिशवी तिथेच ठेवून गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

आमची ओळख नागरिकत्वाची शपथ घेतली त्या सकाळी झाली. हॉलच्या बाहेर मतदार म्हणून नाव नोंदवायचं टेबल होतं आणि तिथलं एकही पेन धड चालत नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या बाईने पर्समधून स्वतःचं पेन काढून दिलं आणि माझा फॉर्म वाचत म्हणाली, "अगं, तू तर आमच्याच गल्लीतली." ती नागपूरची, मी पुण्याची. दोघी साधारण एका वयाच्या, ती काउंटीच्या लायब्ररीत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. पहिल्या निवडणुकीला आम्ही तिच्या गाडीतून शाळेच्या जिममध्ये मत द्यायला निघालो, तेव्हा कुठे लक्षात आलं की इथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी ती पक्की लाल पक्षाची आहे आणि मी निळ्या. आपण वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून आलो, मग बाकीच्यांनीही रांगेतच यावं, असं तिचं म्हणणं. मी नवऱ्याच्या आजारपणात इन्शुरन्स कंपन्यांशी भांडून भांडून निळी झालेले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती हसायलाच लागली.

"म्हणजे तुझं मत माझं मत खाणार आणि माझं तुझं," ती म्हणाली. "तरी जायचं हं. पण एकीला जमलं नाही, तर दुसरीनेही जायचं नाही. जोडी मोडायची नाही."

त्या दिवसापासून तो आमचा नेमच झाला. निकालानंतर जिचा पक्ष जिंकेल तिने हरलेलीला जेवायला बोलवायचं आणि हरलेली सांगेल ते करून घालायचं. इथे पारडं सतत वरखाली होत असतं, त्यामुळे दोघींचीही बरी सोय व्हायची. एकदा राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दुसऱ्याची असा निकाल लागला, तेव्हा दोघींनी आपापल्या घरी स्वयंपाक केला आणि दोन्ही जेवणं एकाच दिवशी जेवलो. वाद व्हायचे, अगदी कडाक्याचे. तिच्या काही मतांनी माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि मी तावातावाने बोलायला लागले की ती शांतपणे माझ्या ताटात आणखी भात वाढायची. माझा नवरा गेला तेव्हा तेराही दिवस माझ्या स्वयंपाकघरात तीच उभी होती. त्या तेरा दिवसांत तिने राजकारणाचा एक शब्द काढला नाही, आणि चौदाव्या दिवशी मुद्दाम काढला, मला भांडता यावं म्हणून.

मग ते वर्ष आलं. मतदानाच्या आदल्या दिवशी ती पायऱ्यांवरून पडली, गुडघा फुटला आणि लगेच ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमधून तिने मला फोन केला. दुखण्याबद्दल फारसं बोललीच नाही. "तू पण नाही ना जाणार उद्या?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही जाणार, झोप तू. आणि दुसऱ्या दिवशी खरंच घरी बसले, दुपारपर्यंत. मग दुसऱ्या राज्यातून, अर्विंगहून, माझ्या मुलाचा, निखिलचा फोन आला. त्याच्या बायकोचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलं होतं आणि तो फार घाबरलेला होता. आई, तू आमचा विचार करणार की शैलामावशीचा, असं त्याने सरळ विचारलं. संध्याकाळी साडेसातला, बंद व्हायला अर्धा तास असताना, मी जिममध्ये जाऊन मत देऊन आले. रांगेत ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून टोपी कपाळावर ओढून घेतली होती.

निळा पक्ष जिंकला. शैला वॉकर धरून जेवायला आली. तिला सांबारवडी हवी होती, म्हणजे त्यांच्या नागपूरकडची कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी. मी ती आयुष्यात पहिल्यांदा केली आणि तेलात सगळ्या वड्या फुटल्या. तिने तो चुरा चमच्याने चवीने खाल्ला. निघताना दारात म्हणाली, बरं झालं दोघी घरी बसलो, हरल्याचं काही वाटत नाही. मी हो म्हटलं. मत दिल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, निखिलसाठी मी पुन्हा देईन. पण ते 'हो' मात्र...

पुढच्या वर्षी ती पक्षाचं काम करायला लागली. गुडघ्यामुळे दारोदार जाणं जमत नव्हतं, म्हणून घरी बसून मतदारांना फोन करायची. आणि मग हळूहळू आमच्याकडे यायची थांबली. मी चहाला बोलावलं की तिला काम असायचं. तिच्या लॉनवर पक्षाची मोठी पाटी लागली, मग मीही इरेला पेटून माझ्या लॉनवर लावली. मंडळात तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. गणपतीच्या जेवणाला लाल एका टेबलावर, निळे दुसऱ्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपचेही दोन झाले होते. त्यामुळे शैलाचं पक्षाने डोकं फिरवलं असं मी सांगत सुटले, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मलाही ते इतक्यांदा सांगून खरं वाटायला लागलं होतं.

एकदाच ती टपालाच्या पेटीपाशी भेटली. थांबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?"

"नाही गं. कशाबद्दल?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पत्रं घेऊन आत गेली. त्यानंतर चार वर्षं आम्ही गाडीतून नुसता हात हलवत राहिलो.

ती गेल्यावर आठवड्याने तिची मुलगी नेहा माझ्याकडे आली. शैलाचे यजमान आधीच गेलेले, त्यामुळे घर आवरायला ती एकटीच होती. तिच्या हातात कागदांची एक जाड फाइल होती. "मावशी, मॉमने हे का ठेवलं आय डोन्ट नो," ती म्हणाली. "यात तुमचं नेम आहे." फोन करायच्या मतदारांच्या याद्या होत्या त्या. आमच्या गल्लीतली नावं, वयं, आणि पुढे रकाने, कोण कुठल्या वर्षी मत द्यायला गेलं आणि कोण नाही. मत कुणाला दिलं ते गुप्त असतं, पण दिलं की नाही ते इथे कुणालाही बघता येतं. इतकी वर्षं या देशाची नागरिक आहे मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. सगळ्यात जुन्या यादीत, शैलाच्या नावापुढे ती पायऱ्यांवरून पडली त्या वर्षीचा रकाना रिकामा होता. माझ्या नावापुढे खूण होती. त्या खुणेभोवती पेनने एक गोल काढला होता.

त्या यादीत माझ्या नावासमोर तिने मराठीत लिहिलं होतं, 'मी स्वतः बोलेन.' पुढच्या वर्षीच्या यादीतही तेच. त्याच्या पुढच्याही. चार वर्षं, चार याद्या, शेवटच्या वेळी अक्षर हललेलं. मी नेहाला अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली की मॉम तिला सांगायची, एखाद्याशी आपण स्वतः बोलणार असं कळवलं की पक्षाचं दुसरं कुणीही त्या माणसाला फोन करत नाही. मी कुठल्याच पक्षाकडे नाव नोंदवलेलं नाही, आणि अशा मतदारांना दोन्ही पक्ष फोन करतात, त्यामुळे लाल पक्षाचा फोन मला यायलाच हवा होता, पण कधीच आला नाही. ते काम तिने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती आणि मी, शरमेनं सांगते, मूग गिळून बसले होते. नेहा गेल्यावर मी खूप रडले. चारच घरं चालत जायचं होतं मला.

परवा मतदान झालं. सकाळी मी शाळेपर्यंत गेले. पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून आत जाणारी माणसं बघितली, आणि परत आले. मग दिवसभर घरी होते. शैलाच्या घराचे दिवे बंद होते, लॉनवर आता घर विकायची पाटी आहे. संध्याकाळी साडेसातला निखिलचा फोन आला. "आई, व्होट केलंस ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही, काळजीने विचारलं, का गं, बरं नाही का?

"मी बरी आहे," मी म्हटलं. "शैलाला जमलं नाही यंदा."