पान नऊवरचा पोलीस

विनायकभाऊजी गेल्याचं मला कामावर कळलं. सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या एका रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. सकाळची रक्त काढायची गर्दी ओसरली होती आणि मी नळ्यांवर लेबलं लावत होते. त्यांच्या शिपयार्डमधून एका बाईंचा फोन आला. माझ्या नावाची खात्री करून घेतल्यावर त्या जरा अडखळल्या. "फॉर्मवर नातं म्हणून 'वहिनी' असं लिहिलंय. म्हणजे नक्की कोण?" मी म्हटलं, "भावाची बायको. बोला." हृदयविकाराचा झटका, ड्रॉइंग ऑफिसात टेबलापाशीच. डॉक्टर पोहोचण्याआधी सगळं संपलं होतं. मी उरलेली लेबलं लावली, हात धुतले आणि रजेचा अर्ज लिहिला. नंतरचे दिवस दाखले, त्यांचा नोकरीचा पास रद्द करणं, खोली रिकामी करणं यांत गेले. आता सहा आठवडे झाले, कागद संपले, म्हणून लिहायला बसले आहे.

विनायकभाऊजी माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. कोल्हापूरचे, लग्न न केलेले, जहाजदुरुस्तीच्या यार्डात ड्राफ्ट्समन. एक्क्याण्णव साली ते सिंगापूरला आले तेव्हा आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली लहान खोली त्यांना दिली. "पंधरा दिवसांत जागा बघतो, वहिनी," म्हणाले आणि चार वर्षं राहिले. आपलं ताट आपण घासायचे, आवाज करायचे नाहीत, त्यामुळे मीही जागेचं पुन्हा विचारलं नाही. पुढे भाडं कमी म्हणून वुडलँड्सला गेले, तरी रविवारी क्लेमेंटीला यायचेच.

त्यांना एकच नाद होता, कॉमिक्सचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मारामारीच्या अमेरिकन कॉमिक्सचे गठ्ठे आणायचे आणि वाचता वाचता चिडायचे. "हे बघा. चिनी माणूस आला की एकतर पांढऱ्या दाढीचा गुरू, कोड्यात बोलणारा, नाहीतर लांब नखांचा दुष्ट. जपानी आला की हातात तलवार. आपला आला की पगडी आणि टोपलीत नाग. आशियातल्या एका माणसाला यांच्या कॉमिकात कधी सर्दी होत नाही."

"सर्दी झालेल्या माणसाचं कॉमिक विकत कोण घेईल?"

"आधी शिंकू द्या, मग मारू द्या लाथ," ते म्हणायचे.

मग त्यांनी स्वतःच काढायला घेतलं. नायिकेचं नाव गोदा. दिवसा रुग्णालयात लॅब टेक्निशियन, आणि वेळ आली की दांडपट्टा फिरवणारी. लहानपणी तालमीत त्यांनी पट्ट्याचे हात पाहिले होते, थोडेफार शिकलेही होते. स्वयंपाकघरात झाडू मनगटाला धरून मला दाखवत, तेव्हा मी त्यांना बाहेर काढायचे. लॅबचे तपशील माझ्याकडून घेतले. "या चपलांत ती दोन पावलंही पळणार नाही," मी म्हटलं, तर त्यांनी सगळ्या पानांवरच्या चपला बदलल्या. एवढा लांब पट्टा घेऊन ही एमआरटीच्या गाडीत कशी शिरते, याचं उत्तर मात्र शेवटपर्यंत दिलं नाही.

इथे तेव्हा इंग्रजीतून मारामारीच्या कॉमिक्सचं एक छोटं मासिक निघायचं. त्याचे मालक मिस्टर लिम. नमुन्याची पानं पाहून ते खूश झाले, पण म्हणाले, इंडियन आहे हे वाचकाला कळायला हवं, पगडी घाला, निदान कपाळावर तिसरा डोळा. भाऊजींनी नम्रपणे नाही म्हटलं. तीन खेपा झाल्या. शेवटी लिम मानले. चोवीस पानं, गोदा आहे तशी, महिनाअखेरच्या शुक्रवारी हातात पाहिजेत, आणि लोकांना आवडली तर दर अंकात. आधी भारतात आणि मग इथे, यार्डात वीस वर्षं नळ आणि व्हॉल्व्ह काढणाऱ्या माणसाला आयुष्यात हे एकच हवं होतं. त्या दिवसांत ते जेवताना काय जेवतात हेही त्यांना कळत नसे.

गुरुवारी संध्याकाळी सगळी पानं आमच्या जेवणाच्या टेबलावर वाळत पडली होती. तेवढ्यात मिसेस गोह आली. ती शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, तिचा नूडल्सचा स्टॉल आहे. माझा डबा परत द्यायला आली होती. तिने पानं पाहिली, चष्मा वर सरकवला आणि एकावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"गुंड," भाऊजी म्हणाले.

"आणि हा?"

"दुसरा गुंड."

"हा?"

"त्यांचा गुरू. दाढी आहे बघा."

"हा?"

"तो पोलीस."

"पोलीसही त्याच आईचा?" मिसेस गोह म्हणाली. मग गोदाच्या चेहऱ्यावर बोट टेकवून, "धिस वन गॉट फेस. दीज पीपल ऑल सेम, लाह. माझा नवरा यातला कुठला, सांग. बँकेतला माणूस कुठला?" तिचा सूर रागाचा नव्हता. डबा ठेवला, झाकण नीट बसत नाही एवढं मला सांगितलं आणि गेली.

भाऊजींनी फायलीतून ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा काढून मला दाखवला. त्यावर एकच चेहरा होता, समोरून आणि बाजूने. यार्डातली पद्धत अशी की व्हॉल्व्ह एकदा नीट काढायचा आणि मग जिथे लागेल तिथे तोच गिरवायचा; दर वेळी नवा काढत बसणाऱ्या ड्राफ्ट्समनला वेडा म्हणतात. वीस वर्षांची सवय. त्यांनी चिनी माणसाचा चेहरा एकदा नीट बसवला होता आणि चोवीस पानांवर तोच गिरवला होता. गोदा मात्र प्रत्येक चौकटीत नव्याने काढली होती. "मला ते कळलंसुद्धा नाही, वहिनी," ते म्हणाले.

कळलं मलाही नव्हतं. ती पानं मी महिनाभर रोज उचलून टेबल पुसत होते. दिवसभर चिनी माणसांचे दंड हातात धरते, सुई पाहिली की प्रत्येकाचं तोंड वेगळ्या तऱ्हेने वाकडं होतं हे मला पाठ आहे, आणि कागदावर ते सगळे एक झालेले मला दिसले नाहीत.

पण मी व्यवहाराचं तेच बोलले. "उद्या शुक्रवार आहे. आहे ते देऊन या. पुढच्या अंकात सुधारा. लिमसाहेबांना काही खटकलेलं नाही."

"त्यांना खटकलं नाही हेच तर," भाऊजी म्हणाले. "तिकडे पगडीवरून भांडलो मी. कोणत्या तोंडाने भांडलो?"

"भाऊजी, ही संधी परत यायची नाही."

"माहीत आहे."

सकाळी त्यांनी मिस्टर लिमना फोन करून सहा महिने मागितले. लिमनी अंकातली ती चोवीस पानांची जागा दुसऱ्याला दिली. मी दोन दिवस भाऊजींशी धड बोलले नाही.

त्यानंतर ते रविवारी वही घेऊन हॉकर सेंटरमध्ये बसू लागले. आधी लोक संशयाने पाहायचे. मिसेस गोहने सगळ्यांना सांगितल्यावर समोर येऊन बसायला लागले. नवी भानगड अशी झाली की गुंड व्हायला कोणी तयार होईना. किल्ल्या करणारा म्हणाला, माझं दुकान आहे, मी पोलीस होणार. एक बस ड्रायव्हर गुंड व्हायला कबूल झाला, पण त्याच्या टकलावर केस हवे होते. पांढरी दाढी उडाली आणि गुरूच्या जागी आली मिसेस गोह, हातात नूडल्स गाळायची जाळी घेऊन. तिची अट एकच होती. "हरले तरी चालेल. पण पान वीसच्या आधी नाही." गोदाला तिने खरोखरच एकोणीस पानं झुंजवलं.

सहाचे अकरा महिने झाले. पानं पुरी झाली तोवर ते मासिकच बंद पडलं होतं. भाऊजींनी झेरॉक्स काढून दोऱ्याने शिवलेल्या काही प्रती केल्या आणि ज्यांचे चेहरे होते त्यांना वाटल्या. एक मिसेस गोहच्या स्टॉलवर ठेवली. मला द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "घरात कागद काय कमी आहेत? दुसऱ्या कोणाला तरी द्या." रुसवा गेला नव्हता, दुसरं काही नाही. त्यांनी ती प्रत पिशवीत परत ठेवली आणि पुन्हा विचारलं नाही.

अंत्यसंस्काराला आमची मराठी माणसं दहा-बारा येतील असा माझा अंदाज होता. आली तेवढीच. पण त्यांच्यामागे चाळीसेक चिनी माणसं उभी होती, बहुतेक वयस्क, कोणी कामाच्या कपड्यांत. मी कोणालाच ओळखत नव्हते. एकजण पुढे येऊन म्हणाला, "पेज नाइन. पुलिसमन." मग दुसरा, "पेज सिक्स, लेफ्ट साइड." एक टक्कल असलेला गृहस्थ रुमाल डोळ्यांना लावून म्हणाला, "आय गॉट हेअर इनसाइड." ओळीने एकेक येत गेले आणि आपापलं पान सांगून हात मिळवत गेले... माझ्या नवऱ्याला आधी वाटलं, ही यार्डातली माणसं असावीत.

मी दिलेला सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. तेव्हा ऐकलं असतं तर भाऊजींचं नाव छापून आलं असतं. एवढं मात्र खरं की पेज नाइन म्हणून कोणी आलं नसतं.

मूळ पानं मी कोल्हापूरला त्यांच्या बहिणीकडे पाठवली. पाठवून झाल्यावर लक्षात आलं की माझ्याजवळ काहीच नाही. गेल्या रविवारी मिसेस गोहच्या स्टॉलवर गेले. ती प्रत मिरचीच्या बाटल्यांशेजारी सुतळीने टांगलेली असते. कडा तेलकट झाल्या आहेत, मुखपृष्ठ दोनदा चिकटपट्टीने जोडलं आहे. मी म्हटलं, ती प्रत मला दे, मी तुला नवी झेरॉक्स काढून आणते.

"कॅनॉट," ती म्हणाली. "कस्टमर रीडिंग."

खरंच कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा ती उघडून बसला होता. पान उलटायच्या आधी बोट शर्टाला पुसत होता. मिसेस गोहने माझ्यासाठी स्टूल ओढलं, समोर चहा ठेवला. मी बसले. त्याचं तेव्हा सातवं पान चालू होतं.