जास्तीचा ब्रश

सोसायटीत तिला तोंडावर काकू म्हणत आणि पाठ वळली की मोजणीबाई. जन्मभर ती एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरी मोजत आली. तिथून घरी आली की सोसायटीतली माणसं मोजायची. दोन्हीकडे तिचा एकच धाक, एकही नग इकडचा तिकडे होता कामा नये.

सोसायटी जुन्या कामगारांनी उभारलेली, स्वस्तातली. घरातली माणसं मोजून खोल्या मिळायच्या. माणसं कमी झाली तर लहान घरात जायचं, बाहेरच्याला विचारल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि लपवाछपवी सापडली तर घरच जाणार. ही शेवटची अट मोजणीबाईने भर मीटिंगमध्ये भांडून घालून घेतलेली. तेव्हा निदान इथून निघालेल्याला पलीकडच्या गल्लीत खोली मिळायची. पुढे पलीकडे काचेच्या इमारती आल्या, चांभाराच्या दुकानात कॉफी मिळू लागली, आणि इथून निघालेल्याला आसपास कोणी दारात उभं करेना.

दरवर्षी कमिटी घरं तपासायची. बाकीचे खाटा बघत, दोरीवरचे कपडे बघत. मोजणीबाई थेट न्हाणीघरात शिरायची. सोसायटीचे हिशेब बघणारी एक तरुण पोरगी होती, तिला ती हाताखाली घेऊन शिकवायची.

"पाहुण्याला गच्चीवर पाठवतात ग, खाट उचलून ठेवतात. पण दात घासायचा ब्रश लपवायला विसरतात. आणि ओल्यावर जाऊ नकोस. ओला काय, कोणीही करेल. केस वाकलेत का ते बघायचं."

पोरगी हुशार. तिने ते पक्कं डोक्यात ठेवलं.

फार पूर्वी वरच्या मजल्यावर एक सुतार राहायचा. त्याचा भाऊ पाय मोडून कामावरून सुटला आणि सुताराने त्याला गुपचूप घरात घेतलं. सुताराची मुलगी आणि मोजणीबाईची मुलगी एका बाकावरच्या जिवलग मैत्रिणी. एकदा जेवताना मोजणीबाईची लेक सहज म्हणाली, "आई, त्यांच्याकडे आता हिरवा ब्रश पण आहे."

झालं. दुसऱ्याच दिवशी तिने वेळेआधी तपासणी लावली. सुताराच्या बायकोने पाय धरले. "ताई, तो चालायला लागला की जाईल हो."

"नियम म्हणजे नियम," मोजणीबाई म्हणाली.

सामान हातगाडीवर चढलं. त्यावर सुताराचा भाऊ बसला, मांडीवर आरसा घेऊन. नव्या भाड्यापायी सुताराच्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. मोजणीबाईने आपल्या लेकीला शाबासकी म्हणून रंगपेटी आणली. लेक त्या पेटीला कधी शिवली नाही. आईच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण रंगपेट्या ती मोजत नव्हती.

नवरा गेला. लेक दूरच्या गावी नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. दोन खोल्यांत मोजणीबाई एकटी उरली. नियमाप्रमाणे तिने तळमजल्यावर, कचऱ्याच्या डब्यांना लागून असलेल्या एका खोलीत जायला हवं होतं. पण तिच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट अंथरुणावर यायचं, आणि त्या उन्हावर तिचा जीव होता. आयुष्य घातलंय मी इथे, असं ती स्वतःला सांगायची. आयुष्य सुतारानेही घातलं होतं, पण ते तिच्या मोजणीत येत नव्हतं. लेक माझ्याकडेच राहते, असं ती बिनदिक्कत सांगत राहिली. पेल्यात लेकीचा निळा ब्रश ठेवला आणि रोज नळाखाली धरला. आपणच शिकवलेलं आपल्याला लागू होत नाही, असा बहुतेक तिचा समज असावा.

यंदा तपासणीला हिशेबवाली आली. तिने निळा ब्रश उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"काकू, ओला आहे. पण केस अगदी सरळ आहेत."

मोजणीबाईने ब्रश तिच्या हातातून काढून घेतला. "घाईत असते ग ती. वरवर घासते."

"मग मीटिंगला आणा ना तिला. ती इथे राहते म्हणाली की झालं."

मोजणीबाईने लेकीला फोन केला. कधी नव्हे ती रडली. "नाहीतर मला रस्त्यावर काढतील ग. एवढंच म्हण, इथे राहते. आईसाठी एक वाक्य."

लेकीने मीटिंगचा दिवस विचारून घेतला. मग लेक म्हणाली, "येते."

आणि खरंच आली. मोजणीबाई मीटिंगला ठेवणीतले कपडे घालून बसली होती. आजूबाजूच्यांना सांगत होती, "आली बरं का माझी पोरगी!" लेक उभी राहिली.

"मी इथे राहत नाही. चार वर्षं झाली."

"अगं, काय बोलतेस!"

"खरं बोलते, आई. मागे सांगितलं तेव्हा रंगपेटी दिली होतीस. आज काय देणार?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर आईला समजूत काढता आली असती. लेकीने पिशवी उचलली आणि ती परतीच्या बसला निघून गेली. आई आता कुठे जाईल, हे तिने विचारलं नाही.

एकाने म्हटलं, तळमजल्याची खोली तरी द्या. पण लपवणाऱ्याला खोली मिळत नाही. ती कोणाची अट, हे सगळ्यांना पाठ होतं. भराभर हात वर गेले. काहींना हसू आवरेना.

"नियम म्हणजे नियम, काकू," हिशेबवाली म्हणाली.

महिनाअखेरीस सामान फुटपाथवर आलं. हिशेबवाली फाटकाजवळ यादीत मान घालून खुणा करत होती. मोजणीबाई ट्रंकेवर बसली होती. ऊन होतं, पण ते आता कोणाच्याही अंगावर पडत होतं. टेम्पोवाला विचारत होता, "बाई, कुठे न्यायचं?" ती सामानाचे नग पुन्हा मोजत होती.

तेवढ्यात तिच्या घरात येणारं नवं कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन पोरं. बायकोच्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात ब्रश. मोजणीबाईने सवयीने मोजले. पाच. सगळ्यांच्या मागून भिंत धरत एक म्हातारी जिन्यात शिरत होती. तिची नि मोजणीबाईची नजर भेटली. म्हातारीने घाबरून ओठांवर बोट ठेवलं.

मोजणीबाई ट्रंकेवरून उठली. कित्येक दिवसांत तिच्या अंगात एवढा जोर आला नव्हता.

"अगं ए हिशेबवाली! इकडे ये! एक जास्त आहे!"

हिशेबवाली धावत जिन्याकडे गेली. टेम्पोवाल्याने पुन्हा विचारलं, "बाई, कुठे न्यायचं?"