गच्चीवरची लाल रजई

कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी आमचा दादा जमीन बनवतो. उपग्रहाचे फोटो चौकोनांत कापायचे आणि विमानाखाली अंथरायचे, हा त्याचा उद्योग. आपल्या शहराचा एक चौकोन मात्र त्याने मुद्दाम जुनाच, उन्हाळ्यातला ठेवला होता. त्यात आमच्या गच्चीवर लाल ठिपका दिसायचा. ती वहिनीने वाळत घातलेली रजई. वहिनी त्यानंतर महिन्याभरात गेली.

गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत तो चौकोन खुपायला लागला. "सगळीकडे हिरवं, मध्येच हे तपकिरी ठिगळ कसलं?" मेल्यांना उडायचं असतं ना, मग खाली कशाला बघतात? शेवटी दादाने नवा फोटो घातला आणि जुन्यातली रजई कापून त्यावर चिकटवली. मग फाइल जड झाली म्हणून लहान केली आणि आधीची, जुन्या फोटोसकट, पुसून टाकली. लहान करताना बारीक रंग शेजारच्या रंगात विरून जातात, हे तोच सगळ्यांना सांगायचा.

आता जमीन एकसारखी हिरवी आहे, गच्ची करडी. दादा रोज विमान आमच्या घरावर खाली आणतो आणि गच्चीवर आपटतो.

"कशाला जीव जाळतोस?" मी ओरडले.

"आणखी थोडं हळू उतरलो तर दिसेल," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा विमान उडवलं.